नागपुरात घरी वापरायला स्वस्तातला रेडिओ स्कॅनर कोणता घ्यावा?

हातात धरायचा महागडा स्कॅनर नका घेऊ राजेहो, लॅपटॉप असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या, म्हणजे यूएसबीत लावायचा रेडिओ रिसीव्हर, पेन ड्राईव्हएवढा असतो अन् साधारण 24 मेगाहर्ट्झपासून 1,700 पर्यंत ऐकतो. फक्त ऐकतो बरं का, त्यातून बोलता येत नाही. बोलायचं असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा देऊन लायसन्स काढा.

पैसे वाचवायचे तर डोंगलवर वाचवा, अँटेनावर नको! सोबत येणारी छोटी अँटेना खोलीत ठेवली तर काहीच मजा नाही, गच्चीवर न्या. हॅमवाल्यांचा बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ आहे, त्याच्यासाठी दोन तारा, प्रत्येकी अर्ध्या मीटरच्या, झाली डायपोल अँटेना. अन् एलईडी बल्ब, चार्जर यांची खरखर फार येते, म्हणून डोंगल यूएसबी एक्स्टेन्शनने लॅपटॉपपासून लांब ठेवा, गेनही (सिग्नल वाढवायची सेटिंग) फुल्ल करू नका, नाहीतर एफएम स्टेशनं सगळीकडे घुसतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 1090 मेगाहर्ट्झ. देशाच्या मधोमध असल्यानं दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता अशी किती विमानं आपल्या डोक्यावरून जातात, ती आपली जागा अन् उंची याच फ्रिक्वेन्सीवर स्वतःच सांगत असतात, लॅपटॉपवर डम्प1090 हे सॉफ्टवेअर टाकलं की नकाशावर दिसतात. तिथं 7 सेंटिमीटरची तारही पुरते, फक्त आकाश मोकळं पाहिजे.

पोलीस किंवा सैन्याचं बोलणं ऐकायच्या भानगडीत मात्र पडू नका, कायद्यात अडकाल. मे महिन्यात डोंगल उन्हात ठेवू नका, आधीच तो तापतो.