न्यायालयाने शाळा एक केल्या, गावांनी काय केले?

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, एवढाच उल्लेख आमच्या अभ्यासक्रमात आहे. त्यानंतर शाळांत आणि गावांत प्रत्यक्ष काय घडले?
– पदवी अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, परळ

उत्तर : 17 मे 1954 रोजी ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ खटल्याचा एकमुखी निकाल लागला. मात्र त्याची हकीकत तीन वर्षे आधीपासून सांगावी लागते, कारण या लढ्यात न्यायाधीशांच्या आधी मुले उभी राहिली होती. व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल येथे कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूल ही शाळा होती. सुमारे 180 मुलांसाठी बांधलेल्या या शाळेत 450 च्या आसपास मुले कोंबलेली होती आणि काही वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. 23 एप्रिल 1951 रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने साऱ्या शाळेला संपावर नेले. मुलांना हवी होती ती चांगली इमारत. पण वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान देणार असाल तर खटला लढवू, असे वकिलांनी सांगितले, तेव्हा मुलांनी आणि पालकांनी तेही स्वीकारले. ब्राउन निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक होता.

निकालाची अंमलबजावणी केव्हापर्यंत व्हावी, याची ठाम मुदत न्यायालयाने 1955 मध्येही घातली नाही, आणि दक्षिणेतील राज्यांनी या सवलतीचा पुरेपूर वापर केला. सप्टेंबर 1957 मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाले, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड दल उभे करून त्यांना अडवले. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड त्या दिवशी एकटीच पोचली आणि किंचाळणाऱ्या जमावातून चालत राहिली. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची तुकडी पाठवली. सैनिक व्हरांड्यांत पहारा देत, परंतु स्वच्छतागृहांत आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांत त्यांना जाता येत नसे, आणि छळ नेमका तेथेच चाले. त्या नऊ जणांपैकी मिनिजीन ब्राउनने सततच्या छळाला प्रत्युत्तर दिले, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये शाळेने तिलाच काढून टाकले. मे महिन्यात अर्नेस्ट ग्रीन पदवीदान समारंभात मंचावर गेला, तेव्हा इतरांसाठी वाजणाऱ्या टाळ्या थांबल्या होत्या.

यापुढचा भाग पुस्तकांत क्वचितच येतो. 1958-59 या पूर्ण वर्षात लिटल रॉकची माध्यमिक विद्यालये बंद ठेवण्यात आली, आणि मतदान घेतले असता बहुसंख्य मतदारांनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला. ज्या परगण्यातून बार्बरा जॉन्सचा संप उभा राहिला, त्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर 1959 पासून 1964 पर्यंत, सलग पाच वर्षे, सर्व सार्वजनिक शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना दूरच्या नातेवाइकांकडे पाठवण्यात आले; अनेकांचे शिक्षण मात्र त्या काळात तुटले ते कायमचेच. आपल्या मुलांच्या शेजारी दुसऱ्याचे मूल बसू नये म्हणून सबंध गावाची शाळा बंद करण्याइतका द्वेष प्रौढ माणसे करू शकतात, ही गोष्ट मला जमावाच्या दगडफेकीपेक्षाही भयंकर वाटते.

प्रश्न : गोरे सगळेच विरोधात होते का? आणि कृष्णवर्णीय समाजाला एकत्र शाळा एकमताने हव्या होत्या का?
– निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. लिटल रॉकमध्ये शाळा उघडाव्यात म्हणून गोऱ्या स्त्रियांनीच 1958 मध्ये समिती स्थापन केली, आणि पुढच्या वर्षी 44 शिक्षक व कर्मचाऱ्यांना काढण्याचा घाट घालणाऱ्या शिक्षण मंडळ सदस्यांना मतदारांनी मतदान करून पदावरून दूर केले. न्यू ऑर्लिन्समध्ये 14 नोव्हेंबर 1960 रोजी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस शाळेत गेली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली; पण बार्बरा हेन्री या शिक्षिकेने तिला वर्षभर एकटीला शिकवले. अशी माणसे थोडीच होती, आणि उरलेल्यांच्या गप्प बसण्याने जमावाचे काम सोपे केले, हेही नोंदवले पाहिजे. उत्तरेकडील शहरांनीही स्वतःला निराळे समजण्याचे कारण नाही : बॉस्टनमध्ये 1974 साली न्यायालयाच्या आदेशाने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत पाठवणे सुरू झाले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले.

कृष्णवर्णीय समाजाच्या मनातील शंकाही साधार होत्या. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्यासारख्या विचारवंताने 1935 सालीच बजावले होते की, वैराने भरलेल्या मिश्र शाळेपेक्षा आपुलकीने शिकवणारी वेगळी शाळा मुलाच्या अधिक हिताची असू शकते. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे तर निकालाच्या आदल्या वर्षीच कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरी जाण्याची सूचना देणारी पत्रे मिळाली होती. पुढे दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले आणि त्यांच्या शाळा बंद झाल्या. म्हणजे एकत्रीकरणाची किंमत बहुतांशी ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांच्याकडूनच वसूल झाली.

प्रश्न : आमच्या खासगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांविषयी काही पालक उघड नाराजी बोलून दाखवतात. येथे अमेरिकेची तुलना लागू होते का?
– शिक्षिका, मुलुंड

उत्तर : वर्ण, जात आणि आर्थिक स्थिती या एकच गोष्टी नव्हेत, त्यामुळे तुलना जपून करावी. मात्र दार उघडण्याचा आदेश आणि दार खरोखर उघडणे यांतील अंतर आपल्याही परिचयाचे आहे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. अलीकडेही, फेब्रुवारी 2024 मध्ये, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना या 25 टक्के जागांतून वगळणारी अधिसूचना राज्य शासनाने काढली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

‘आमच्या मुलांचा दर्जा घसरेल’ ही भीती अमेरिकेतील पालकांनीही बोलून दाखवली होती. पण दक्षिणेतील शाळा मोठ्या प्रमाणावर एकत्र झाल्यानंतरच्या 1970 आणि 1980 च्या दशकांत राष्ट्रीय चाचण्यांमधील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांतील अंतर कमी झाले, आणि ते गोरी मुले मागे पडल्यामुळे झाले नाही. पालकसभेत हे सांगावे, आणि ते मुख्याध्यापकांनी स्वतः सांगावे, कारण लिटल रॉकमध्ये वर्गातील छळाला बळ मिळाले ते वरच्या पदांवरील माणसांच्या टाळाटाळीने. आपल्या हातात असलेले काम त्याहून जवळचे आहे : या मुलांना वेगळ्या तुकडीत, वेगळ्या बाकांवर किंवा वेगळ्या वेळेला बसवले जात नाही ना, सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या यादीतून त्यांची नावे गळत नाहीत ना, हे आपण पाहू शकता. वर्गात आणि वेळापत्रकात त्यांना वेगळे काढण्यास शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्राच्या नियमांनीच मनाई केली आहे, तेव्हा आक्षेप घेणाऱ्या पालकांपुढे तो नियम ठेवण्यास संकोच करू नये.