पहिला तास एकाच प्रश्नाचा घ्या

मॅडम, अभ्यासासाठी संदर्भ कसे शोधायचे हे शिकवायच्या ऑनलाइन तासाला पहिल्याच दिवशी डेटाबेसची यादी वाचून दाखवू नका. आपली पोरं मोबाइलवर ऐकतात, कुणी शेतातून, कुणी एसटीतून. एकच प्रश्न द्या: १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमीचा संबंध काय?

माझ्या तासाला एका मुलीनं नुसतं ‘दुष्काळ’ टाकलं. बातम्यांचा ढीग आला. मग ‘मराठवाडा’, ‘१९७२’ जोडलं, ‘रोजगार हमी योजना’ अवतरणचिन्हांत घातलं, तेव्हा कुठं कामाचं सापडलं. हे तिच्याच स्क्रीनवर सगळ्यांनी पाहिलं.

पुढं शोधगंगा दाखवा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. प्रबंध फुकट, तेही प्रकरणवार पीडीएफमध्ये. हवं तेवढंच उतरवायचं, डेटा वाचतो. आणि प्रत्येक आकड्याला विचारायला लावा: हा कुणी मोजला, कधी? इथं घाई अजिबात करू नका.