चिनी फार्मासिस्ट सासऱ्यांचं आयुष्य लिहून काढायचंय, घरात कागदांचा ढीग आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे १९३०च्या आसपास ग्वांगडाँग प्रांतात जन्मले, १९५८ साली हाँगकाँगहून बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आले, तिथे फार्मसी शिकून औषधांचं दुकान चालवलं आणि जमेल तेव्हा जग फिरले. आता ते नाहीत. पासपोर्ट, स्लाइडचे डबे, दुकानातल्या वस्तू मागे आहेत आणि नातवंडांसाठी छोटं पुस्तक करायचं आहे.

लिहायला बसण्याआधी चार रकान्यांचा एक तक्ता करा: कागद कोणता, त्यावरची तारीख जशी आहे तशी, ती कुठल्या कालगणनेतली, आणि नाव कसं लिहिलंय. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढची सगळी वर्षं सरकतात. १९४९ पूर्वीच्या चिनी कागदांवर, आणि तैवानच्या कागदांवर त्यानंतरही, प्रजासत्ताकाचं वर्ष असतं. त्यात १९११ मिळवायचे. म्हणजे १९वं वर्ष हे १९३०. जपानमधली पावती शोवा (सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीच्या) वर्षाची असेल तर १९२५ मिळवा, थायलंडच्या वर्षातून ५४३ वजा करा. हाँगकाँगचा शिक्का दिवस आधी लिहितो, अमेरिकन कागद महिना आधी.

जन्मतारखेवर तर सहजासहजी विश्वास ठेवूच नका. आपल्याकडे तिथी आणि तारीख वेगळी असते तसंच तिथे आहे, अधिक महिन्यासकट. आठव्या चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस अर्जावर ‘१५ ऑगस्ट’ म्हणून उतरवला जायचा. खरा दिवस सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो. वयही जुन्या पद्धतीने जन्मतःच एक धरतात आणि चांद्र नववर्षाला वाढवतात, त्यामुळे ‘सत्तरावं’ म्हणून साजरं झालेलं वय प्रत्यक्षात अडुसष्ट किंवा एकोणसत्तर असू शकतं. नावांचंही तसंच. घरचं लहानपणीचं, शाळेतलं, लग्नानंतरचं आणि अमेरिकेतलं, अशी चार नावं एकाच माणसाची निघाली तर घाबरू नका, चारही लिहून ठेवा. पुढच्या अर्जांत ती लागतात.

आडनावच वेगळं निघालं तर जरा जपून. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या, त्यामुळे ‘मी इथेच जन्मलो’ हा दावा खोडणं अवघड झालं. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी घालणाऱ्या बहिष्कार कायद्याच्या काळात (१८८२ ते १९४३) अनेक जण अशा दुसऱ्याचा मुलगा असल्याचे कागद दाखवून आले. १९४३ नंतरही सगळ्या चिन्यांसाठी वर्षाला फक्त १०५चा कोटा होता, त्यामुळे हा मार्ग लगेच बंद झाला नाही. १९५६ ते १९६५ या काळात सरकारने अशा खोट्या कागदांची कबुली द्यायची योजना चालवली. एकाने कबुली दिली की सगळं कुटुंब उघडं पडायचं. म्हणून घरातले वडीलधारे आजही या विषयावर गप्प बसतात. ते पुस्तकात घालायचं की नाही हे सासूबाई आणि नवऱ्याची भावंडं ठरवतील, तुम्ही नव्हे.

सरकारी कागदांत सर्वांत मोलाची त्यांची ए-फाइल, म्हणजे अमेरिकन सरकारने ठेवलेली त्यांची स्थलांतराची फाइल. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या स्थलांतरित तपासणी केंद्राच्या नोंदींत वेळ घालवू नका, ते केंद्र १९४० सालीच बंद झालं. १ मे १९५१ नंतरच्या ए-फाइली यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागातही मिळत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो. सोबत सगळी नावं, जन्मस्थळ, ठाऊक असेल तर ए-नंबर (त्या फाइलचा क्रमांक), आणि मृत्यूचा दाखला जोडा. जन्माला शंभर वर्षं झालेली नसतील तर मृत्यूच्या पुराव्याशिवाय अर्ज अडतो, आणि बहुतेक अर्ज अडतात ते इथेच. न्यायालयातल्या नागरिकत्वाच्या जुन्या नोंदींसाठी सॅन ब्रूनो इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला विचारा.

आता दुकान. मला विचाराल तर पुस्तकाचा कणा प्रवासाचा न करता परवान्याचा करा. देशांची यादी कुणाचीही होते. कॅलिफोर्नियाच्या फार्मसी मंडळाच्या शोधपानावर परवाना सापडला तर तो कधी दिला तेही कळतं. सॅन फ्रान्सिस्को शहरातलं जुनं फार्मसी कॉलेज म्हणजे आजच्या यूसीएसएफ या तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाचं, १८७२ साली सुरू झालेलं. तिथे शिकले असतील तर वार्षिकांक मागा. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर अनुक्रमांक, तारीख आणि औषध देणाऱ्याची आद्याक्षरं असतात, त्यावरून ते कुठल्या वर्षी कुठल्या काउंटरमागे उभे होते ते लागतं. त्यावर ‘ग्रेन’ दिसलं तर एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. चिनी जडीबुटीच्या चिठ्ठ्याही सापडल्या तर त्या वेगळ्या ठेवा: तिथलं माप ‘छियन’, म्हणजे साधारण ३ ते पावणेचार ग्रॅम, जागा आणि काळ बघून. डिसेंबर १९५० ते जून १९७१ चिनी मालावर अमेरिकेची बंदी होती, हे त्या चिठ्ठ्या वाचताना लक्षात असू द्या. रुग्णांची नावं मात्र छापू नका. फोटो घालायचाच तर नाव, पत्ता झाका.

सासूबाईंना ‘ते कसे होते?’ विचारलंत तर ‘चांगले होते’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: गोळ्या पाच-पाचच्या गटाने मोजायचे का? लेबल टाइपरायटरवर की हाताने, आणि चिनी गिऱ्हाइकांसाठी चिनीत लिहायचे का? कॉम्प्युटर आला तेव्हा काय म्हणाले? दुकान बंद ठेवून फिरायला जायचे तेव्हा काउंटरवर कोण? शेवटच्या प्रश्नातून प्रवासाचा खर्च, मदतनीस आणि घरातली भांडणं एकदमच बाहेर पडतात.

गॅरेजमध्ये जुन्या रसायनांच्या बाटल्या असतील तर त्या उघडू नका, हलवूही नका. सुकलेलं पिक्रिक ॲसिड आणि जुना ईथर स्फोटक होऊ शकतात. काउंटीच्या घातक कचरा विभागाला फोन करा.

स्लाइडवर कोडॅकच्या पुठ्ठ्यावर छापलेला महिना फिल्म धुतल्याचा आहे, फोटो काढल्याचा नाही. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून असू शकतो. पासपोर्टच्या शिक्क्याशी ताडून बघा. एक खूण: मार्च १९७१ पर्यंत अमेरिकन पासपोर्टवर चीनला जायला मनाई होती, तेव्हा साठच्या दशकातला ‘गावचा फोटो’ बहुधा हाँगकाँगचा असतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा मागून हलकेच फिरवा. स्लाइडचं स्कॅन किमान ३००० डीपीआयला.

मृत्युलेख ऑनलाइन टाकणार असाल तर पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव वगळा. मृतांच्या नावावर कर्ज काढणारे हेच शोधतात. ए-फाइलसाठीचा माहितीचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका, फाइल यायला महिने लागू शकतात आणि तोवर स्लाइडचं काम होऊन जाईल.