रोटरी इंजिनातली कूलंट गळती: उघडण्याआधी हे तपासा

कूलंट कमी होतंय म्हणजे इंजिन गेलं, असं लगेच ठरवू नका. रोटरीत, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनात, हेड गॅस्केट (पिस्टन इंजिनात ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) नसतंच. रोटर हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) आणि बाजूच्या प्लेटा यांच्यामध्ये रबरी कूलंट सील असतात. ते गेले तर मात्र इंजिन उघडावंच लागतं. म्हणून स्वस्तातले संशयित आधी: वॉटर पंपाखालचं छोटं भोक (पंपाचं सील गेलं की इथून कूलंट गळतं), हीटरचे आणि थ्रॉटल बॉडीचे होज, रेडिएटरच्या टाकीची कड. तिसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ गाडीतली प्लास्टिकची एअर सेपरेटर (कूलंटमधली हवा वेगळी करणारी) टाकी तर तडकण्यासाठी बदनाम आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर (काटा असलेला हातपंप) लावा. दाब कॅपवर लिहिलाय तेवढाच द्या, जास्त दिलात तर नसलेली गळती तयार कराल. काटा उतरतोय पण बाहेर थेंबही नाही? मग प्रत्येक रोटरच्या दोन स्पार्क प्लगपैकी खालचे, म्हणजे लीडिंग प्लग काढा आणि दाब रात्रभर राहू द्या. सकाळी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर फिरवा, तोंड लांब ठेवून. ज्या भोकातून फवारा आला, त्या रोटरचं सील गेलंय. प्लग न काढता अजिबात फिरवू नका. चेंबरमध्ये द्रव साचला असेल तर तो दाबला जात नाही, आतलं काहीतरी मोडतं.

गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंटच्या ओव्हरफ्लो बाटलीत सतत बुडबुडे ही सीलचीच लक्षणं. फक्त कूलंट नुकतंच बदललं असेल तर बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असू शकतात. ब्लॉक टेस्टरचा (कूलंटमध्ये जळलेला वायू शिरलाय का ते दाखवणारं साधन) निळा द्रव पिवळा झाला, की शंका मिटली.

गळती बंद करणारं बाटलीतलं औषध ओतू नका. हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तुंबतो, सील तसंच राहतं.