चातुर्मासात उभ्या घोड्या आणि त्यांचे खूर

प्रश्न : आमच्या तबेल्यात वरातीच्या दोन घोड्या आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून पांढरीच्या मागच्या खुरांतून काळपट, घाण वासाचा स्राव येतो. तांबडीची नाल चार दिवसांपूर्वी बदलली आणि कालपासून ती पुढचा उजवा पाय टेकवायलाही तयार नाही. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा नोकर) म्हणतो की खुरांत फिनेल ओतावे. सध्या वराती नाहीत, पण घोड्या खंगू नयेत म्हणून चंदी (दाण्याचा खुराक) पूर्वीइतकीच चालू ठेवली आहे. काय करावे?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : आधी तांबडीकडे पाहावे. नाल ठोकताना एखादा खिळा जिव्हाळीला, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत भागाला, लागला किंवा तिच्या अगदी जवळून गेला, तर काही दिवसांत आत पू धरतो. खुराचे कवच कठीण असल्यामुळे त्या पुवाला पसरायला जागा मिळत नाही आणि घोडी हाड मोडल्यासारखी अचानक लंगडू लागते. घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटे ठेवून नाडी पाहावी. निरोगी पायात ती जेमतेम लागते, पू धरलेल्या पायात मात्र जोराने उडते आणि खूरही गरम लागतो. नालबंदाकडून नाल काढून घ्यावी, निघणारा प्रत्येक खिळा ओला किंवा काळा आहे का ते पाहावे आणि पशुवैद्यकाकडून पुवाला वाट करून घ्यावी. घरच्या चाकूने तळवा कोरण्याचे धाडस करू नये. नंतर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या कोमट पाण्यात खूर रोज पंधरा-वीस मिनिटे बुडवून स्वच्छ पट्टी बांधावी. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण या रोगाला घोड्याइतके सहज बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही.

पांढरीचे दुखणे सोपे, पण चिवट आहे. तळव्याच्या मध्यभागी जो रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या कडेच्या खाचांत शेण आणि मूत्र साचून राहिले की हवेशिवाय वाढणारे जिवाणू तो भाग कुजवतात. फिनेल ओतू नये. त्याने जिवंत कातडे भाजते. खाचा रोज कोरून स्वच्छ कराव्यात, कोरड्या पुसाव्यात आणि पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. मात्र घोडी पुन्हा चिखलातच उभी राहणार असेल तर औषध वाया जाते, हे मुंबईच्या पावसात विशेष खरे आहे. फरशीला उतार द्यावा आणि पेंढा ओला झाला की लगेच बदलावा.

आपण ओझरता उल्लेख केलेली चंदी मला या दोन्ही दुखण्यांपेक्षा अधिक काळजीची वाटते. काम नसताना भरपूर दाणा मिळाला की खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडून ठेवणारे पडदे सुजू शकतात, आणि सूज वाढली तर ते हाड खाली फिरते. अशी घोडी पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून भार मागच्या पायांवर टाकते, वळायला नकार देते आणि नाडी दोन्ही पुढच्या पायांत उडते. असे दिसले तर तिला चालवू नये, टेम्पोत घालून परळच्या जनावरांच्या रुग्णालयातही नेऊ नये. पशुवैद्यकाला तबेल्यात बोलवावे, चंदी तत्काळ बंद करावी, खाली जाड मऊ अंथरूण घालावे आणि डॉक्टर येईपर्यंत पुढचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. बर्फ कोळणींकडूनही मिळतो, संकोच करू नये.

तूर्त दोघींची चंदी काही दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करून भर सुक्या गवतावर द्यावा, आणि पांढरीला रोज थोडे फिरवावे. काम नसले तरी दर सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे, कारण खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो आणि लांबलेल्या खुराला चिरा पडतात. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या की चंदी एकदम न वाढवता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करावी.