बोलतोय कोण आणि लेखक कुठे उभाय?

तुझा कथेवरचा लेख वाचला, दोनदा वाचला. भाषा छान आहे तुझी, पण "लेखकाला असं वाटतं" हे तू सात ठिकाणी लिहिलंयस आणि त्यातल्या पाच ठिकाणी ते लेखकाला नाही, निवेदकाला, म्हणजे गोष्टीत जो आवाज गोष्ट सांगतो त्याला वाटतंय. वाईट वाटून घेऊ नकोस, कॉलेजात मीही हेच करायचो, गोष्टीत 'मी' दिसला की तो लेखकच धरून चालायचो.

हा घोटाळा कोर्टापर्यंत गेलेला आहे बरं का. १८५७ साली पॅरिसमध्ये फ्रेंच लेखक फ्लोबेरवर त्याच्या 'मादाम बोवारी' या कादंबरीसाठी खटला झाला. प्रियकर मिळाल्यावर तिची विवाहित नायिका एमा मनातून फुलून येते तो भाग तृतीयपुरुषी आहे, पण दरवेळी 'तिला वाटलं' असं काही लिहिलेलं नाही, मग सरकारी वकिलाने तो आनंद लेखकाचाच धरला आणि म्हणाला हे व्यभिचाराचं कौतुक आहे, वर पुस्तकात तिला दोष देणारं कुणीच नाही. फ्लोबेर सुटला, ते सोड, पण ते तंत्र नीट बघ. समज असं लिहिलंय: "तो घरात आला. टेबलावर पाकीट नव्हतं. तिनेच लपवलं असणार, दुसरं कोण?" पहिली दोन वाक्यं निवेदकाची, तिसरं थेट त्या माणसाच्या डोक्यातलं, अवतरणचिन्ह नाही काही नाही. आणि चार पानांनी पाकीट त्याच्याच कोटात सापडलं तर लेखक एक अक्षर न बोलता आपलं मत देऊन मोकळा झाला की नाही?

उपरोधात तर बोलणारा आणि लेखक एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकाच्या १७२९ च्या निबंधात जो माणूस बोलतो तो आयर्लंडमधल्या गरिबांची पोरं श्रीमंतांना खायला विका म्हणून सुचवतो, अगदी शांतपणे, हिशोब मांडून. लेखकाचा संताप त्या थंड हिशोबातूनच पोचतो.

प्रथमपुरुषी, सर्वज्ञ वगैरे व्याख्या परीक्षेपुरत्या ठेव, त्यापेक्षा बारीक शब्द पकड. 'तो आजारी होता' आणि 'तो म्हणे आजारी होता', एका 'म्हणे'ने निवेदकाने अंग काढून घेतलं! कुणाला 'ते' म्हटलंय, कुणाला 'तो', आणि मधेच 'ते'चा 'तो' झाला तर तिथे पेन्सिलने खूण कर, बहुतेक वेळा तिथे काहीतरी बिनसलेलं असतं.

आता तुझ्या लेखातली ती कथा. म्हातारा तीनदा सांगतो की मुलगा माझ्यावर जीव टाकतो, आणि तू ते खरं मानून "लेखकाने पितापुत्रांचं प्रेम रंगवलंय" असं लिहून टाकलंस. अख्ख्या कथेत मुलगा बापाशी किती वाक्यं बोलतो मोजलीस का? मी मोजली. दोन. त्यातलं एक "चावी कुठंय" आहे. तेवढा पॅरेग्राफ परत लिही आणि पाठव, घाई नाही.