‘दोनशे प्रयोग मी केले, सिनेमात मात्र दुसरीच!’

प्रश्न : ताई, एका दोन अंकी कौटुंबिक नाटकात मी तीन वर्षं मुख्य भूमिका करतेय. दोनशेच्या वर प्रयोग झाले. आता त्यावर सिनेमा येतोय आणि माझी भूमिका एका नावाजलेल्या नायिकेला दिलीय. मला शेजारणीचं काम देऊ केलंय. लेखक म्हणतात, ‘माझ्या हातात काही नाही.’ नाटकच सोडून द्यावंसं वाटतंय. शेजारीण करू की नको?
– एक नटी, ठाणे

उत्तर : राग येणारच. पण रागाच्या भरात निर्मात्याला फोन लावण्याआधी शर्ली बूथ या अमेरिकन अभिनेत्रीची कारकीर्द डोळ्यांखालून घाल. तुझ्यावर जी वेळ एकदा आलीय, ती तिच्यावर निदान पाच वेळा आली.

१९३९ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त ती छायाचित्रकार लिझचं काम करायची. सिनेमात लिझ झाली रुथ हसी. पुढच्याच वर्षी ‘माय सिस्टर आयलीन’मधली थोरली बहीण तिने गाजवली, पडद्यावर ती रोझलिंड रसेलकडे गेली. ‘गुडबाय, माय फॅन्सी’साठी तिला टोनी (ब्रॉडवेचं मानाचं नाट्यपारितोषिक) मिळालं, सिनेमात ते काम ईव्ह आर्डनने केलं. ‘द टाइम ऑफ द ककू’साठी तर तिसरं टोनी, आणि त्यावरचा ‘समरटाइम’ (१९५५) मिळाला कॅथरिन हेपबर्नला. ‘द डेस्क सेट’चंही तेच झालं. १९५७ च्या सिनेमात पुन्हा हेपबर्न.

मेख कुठे आहे, तेही याच यादीत सापडतं. ‘फिलाडेल्फिया स्टोरी’च्या रंगमंचावर बूथच्या शेजारी नायिका म्हणून उभी होती हेपबर्नच. तेव्हा तिचे सिनेमे लागोपाठ पडले होते आणि स्टुडिओ तिला बिचकून होते. पण नाटकाचे चित्रपट-हक्क धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजने तिच्यासाठी घेऊन ठेवले होते. एमजीएम स्टुडिओला नाटक हवं असेल तर हेपबर्नला घेणं भाग होतं. बूथच्या हाती अभिनय होता, कागद नव्हता.

तुझे लेखक खोटं बोलत नाहीयेत. हक्क विकले की पात्र कोणी करायचं, ते निर्माता ठरवतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, पण ते तू केलेल्या सादरीकरणाचे. तुझ्या प्रयोगाचं चित्रीकरण कोणी परस्पर वापरलं तर दाद मागता येते. तीच भूमिका दुसरीने केली तर नाही. सही करण्याआधी मात्र लेखकाला ‘हिची एक स्क्रीन टेस्ट घ्या’ असं म्हणता आलं असतं. ते राहून गेलं. पुढच्या नाटकाच्या वेळी हे हक्कांची बोलणी सुरू होतानाच सांग, बातमी छापून आल्यावर नाही.

बूथला एक भूमिका राखता आली आणि तिचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ‘कम बॅक, लिटल शीबा’ १९५० च्या फेब्रुवारीत रंगमंचावर आलं. त्यातली लोला ही दारू सोडू पाहणाऱ्या कायरोप्रॅक्टरची (मणके-सांधे हाताने बसवून उपचार करणाऱ्याची) बायको. दिवस वर आला तरी गाऊन आणि सपातांत घरभर फिरते, पोस्टमन असो वा दूधवाला, आला की बोलण्यात गुंतवून ठेवते, आणि हरवलेल्या कुत्रीला दारातून लहान मुलीच्या रडक्या आवाजात हाका मारते. बूथ आणि तिचा नवरा झालेला सिडनी ब्लॅकमर, दोघांनाही टोनी मिळालं. सिनेमात निर्माता हाल वॉलिसने बूथला ठेवलं, रंगमंचाचा दिग्दर्शक डॅनियल मानलाही ठेवलं, पण ब्लॅकमरच्या जागी बर्ट लँकॅस्टर आणला. तो तेव्हा चाळिशीही न गाठलेला. त्याला वयस्कर दाखवावं लागलं. पोस्टरवर एक तरी विकाऊ नाव हवं होतं, ते नवऱ्याच्या भूमिकेने भागलं म्हणून बायको वाचली. पहिल्याच सिनेमात, ५४ व्या वर्षी बूथला ऑस्कर मिळालं. (आपल्याकडे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुलभा देशपांडेंची बेणारे दोन्हीकडे टिकली, पण अशी उदाहरणं थोडीच.)

त्या नायिकेवर डूख धरू नकोस. ‘द मॅचमेकर’मधली डॉली ब्रॉडवेवर रुथ गॉर्डनने केली होती, १९५८ च्या सिनेमात ती कोणी केली? शर्ली बूथनेच.

आता शेजारीण. पूर्ण पटकथा मागून वाच. शेजारणीमुळे कथा पुढे सरकते असा एक तरी प्रसंग असेल तर काम घे. नुसती साखर मागायला येत असेल तर संकलनात ती पहिली उडेल. मग नम्रपणे नाही म्हण. घेतलंस तर शूटिंगच्या तारखा, श्रेयनामावलीतली जागा आणि डबिंगचे दिवस लेखी घे. शुक्रवार ते रविवार प्रयोगांसाठी मोकळे ठेव.

कॅमेऱ्यापुढे तुझ्या दोनशे प्रयोगांच्या सवयीच आड येतील. नाटकात हशा येतो तिथे तू थांबतेस. सेटवर हसायला कोणी नसतं, तो पॉज पडद्यावर भोक पडल्यासारखा दिसतो. बाल्कनीपर्यंत पोचवायचा आवाज जवळच्या शॉटमध्ये आरडाओरडा वाटतो. एक पान घे, मोबाइल चार फुटांवर ठेव, छातीपासून वर चौकट लाव आणि जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात वाच. मग आवाज बंद करून बघ. भुवया प्रत्येक शब्दाला उडताना दिसतील. आधी त्या आवर. सेटवर नायिकेला तुझ्या जागा शिकवायला जाऊ नकोस. ती प्रयोगाला आली तर चांगली खुर्ची दे, एवढं पुरे.

आणि नाटक सोडू नकोस. बूथने जेमतेम पाच सिनेमे केले. तिची तिन्ही टोनी रंगमंचावरची. सिनेमाच्या करारात प्रयोग थांबवायची अट आहे का, एवढं मात्र विचार. ब्रॉडवेच्या करारांत बहुधा उलटी अट असे : नाटकाचा धंदा बुडू नये म्हणून सिनेमा अमुक तारखेआधी लावायचा नाही. तुमच्या करारात काय आहे, ते निर्मात्याकडून याच आठवड्यात लेखी मागून घे. पुढच्या दौऱ्याचे प्रयोग त्यावरच ठरणार आहेत.